शांतारामची कणीक

शांताराम गेल्याची बातमी मला सगळ्यांत शेवटी कळली. आधी नारायणगावच्या तमाशाच्या फडाला, मग ऑर्केस्ट्रावाल्यांना, मग वारूळवाडीच्या भीमगीतांच्या पार्टीला, आणि सगळ्यांनंतर दुपारच्या एसटीच्या कंडक्टरकडून डिंभ्यात मला. मी त्याचा सख्खा मावसभाऊ. माझ्या वडिलांनी आम्हा दोघांना शेजारी बसवून पखवाज शिकवला. त्याला जाऊन दीड महिना झाला, तरी हा राग जात नाही.

मी पखवाजाला धरून राहिलो. भजन, कीर्तन, बाकी काही नाही. हा मात्र फडात ढोलकी वाजवायचा, गोंधळाला संबळ, जयंतीला भीमगीतं. ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड आला तर तोही आठवडाभरात शिकला. कुठून तरी परदेशी ड्रमची कॅसेट आणून टेपला कान लावून बसायचा. "शांत्या, एक काय ते धर की," मी म्हणायचो. "समदंच आवडतं रं दादा, काय करू?" वरवरचं वाजवत असता तर मी सुखानं झोपलो असतो. पण मेला सगळंच सुरेख वाजवायचा.

मढ गावच्या सप्ताहात मला ताप होता म्हणून तो माझ्या जागी बसला. मी मागं घोंगडी पांघरून ऐकत होतो. भर अभंगात यानं लावणीच्या ढोलकीचा तुकडा पखवाजावर घेतला. आता बुवा झापणार म्हणून मी सरसावून बसलो... तर बुवा हसले आणि म्हणाले, "पुन्हा घ्या!" इतकी वर्षं मी त्यांच्या साथीला होतो, मला कधी 'पुन्हा घ्या' म्हणाले नाहीत. माझं तोंड बघून शांताराम परतताना म्हणाला, "दादा, मी समदीकडं पावणा. तू घरातला हाईस." मी म्हणालो, "पाव्हण्याला पुरणपोळी, घरातल्याला शिळी भाकर." तो हसत सुटला. मला काही हसू आलं नाही.

पखवाजाच्या डाव्या पुडीला, म्हणजे डाव्या तोंडाच्या कातड्याला, वाजवण्याआधी ओली कणीक लावतात आणि वाजवून झालं की लगेच खरवडतात, नाहीतर ती वाळून चिकटते. यानं जन्मात कधी खरवडली नाही. भजन संपायच्या आत बाहेर कुणाची तरी जीप हॉर्न मारत असायची. "दादा, तेवढं बघ!" की हा पसार. मग मी ओलं फडकं घेऊन, त्याला शिव्या घालत, त्याची कणीक काढत बसायचो.

दहाव्याला घाटावर जो तो 'आमचा शांताराम' म्हणत होता. फडातल्यांनी आठवण म्हणून ढोलकी मागून नेली, ऑर्केस्ट्रावाल्यांनी ऑक्टोपॅड. पखवाज कुणी मागितला नाही. त्याच्या बायकोनं तो माझ्याकडं दिला. त्याच्या शेवटच्या भजनाला मी नव्हतो; त्याची कणीक पुडीवर तशीच होती, वाळून तडकलेली, त्याच्या बोटांचे ठसे असलेली.

बायको रोज म्हणते, "काढा की ती, उंदरं लागत्याल." मी वाटीत पाणी घेतो, फडकं भिजवतो, पखवाज मांडीवर घेतो... आणि तसाच ठेवून देतो. ढोलकी नेणाऱ्यांना काय ठाऊक ही कणीक कोण काढायचं! एवढं एकच काम त्यानं फक्त मला सांगितलं होतं. तेही उरकलं, तर माझ्याकडं त्याचं काय राहील?