ओठांवरचं तुळशीचं पान

तुळशीचा वास आला की मी उठून दुसरीकडे जातो, आणि का ते सत्तर वर्षं कुणाला सांगितलेलं नाही. वडनेरजवळच्या आमच्या गावी एका ख्रिस्ती गुरुजींनी मला वाचायला आणि प्रार्थना करायला शिकवलं. त्यांची आई मात्र हिंदूच राहिली. शेवटच्या दुपारी ती म्हणाली, "मले तुळशीचं पान दे रे बाप्पा." गुरुजींनी ओलं पान तिच्या ओठांवर ठेवलं. खोलीत तिसरा फक्त मी होतो. मयतीला आलेल्यांनी ते पान पाहिलं, म्हणून चर्चच्या पाळकांनी मला विचारलं. त्यांच्याच शिफारशीवर मला मास्तरकी मिळणार होती. मी म्हणालो, "गुरुजींनी आईच्या देवापुढे हातही जोडले." ते खोटं होतं. गुरुजींना प्रभुभोजन बंद झालं. चर्चमध्ये प्रभूची भाकर वाटली जायची तेव्हा ते बाहेर पायरीवर बसत. हे कुणी सांगितलं, ते त्यांना कळलंच असणार. वर्षभरात त्यांनी अंथरूण धरलं. मी भेटायला गेलो तर हसून म्हणाले, "आले का मास्तर! मुका काऊन बसला बे? प्रार्थना कर ना." मी डोळे मिटून साऱ्या गावासाठी क्षमा मागितली. त्याच आठवड्यात ते गेले. आजही मी त्यांच्याच शब्दांत प्रार्थना करतो, पण ती कुठे पोचत असेल असं वाटत नाही. "गुरुजी, मी खोटं बोललो, मला माफ करा," एवढं त्यांना सांगायचं राहूनच गेलं.