मुकादमाचं पथ्य

अंबिका धुरीच्या खाणावळीत तीसेक गिरणीकामगार जेवायचे आणि एक बोका. परळला गिरणीच्या मागच्या चाळीत तळमजल्यावरच्या दोन खोल्या तिच्याकडे होत्या. एकीत चुली, दुसरीत पंगत. पंगत बसली की बोका शेपूट उभी करून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरायचा. प्रत्येक ताटाशी थांबायचा, कामात खोट सापडल्यासारखं तोंड करायचा आणि पुढे सरकायचा. गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, असणारा लवू साचेवाला एकदा म्हणाला, "आमचो मुकादम पण असोच फिरता." तेव्हापासून बोक्याला तेच नाव पडलं. खरा मुकादम एकदा जेवायला आला असताना कोणीतरी "मुकादमाक बाहेर काढ रे" असं ओरडलं आणि तो भरल्या ताटावरून उठला होता, एवढीच काय ती अडचण.

अंबिका कुडाळकडची. लग्न होऊन मुंबईला आली तेव्हा विशीत होती. नवरा कापूस पिंजणाऱ्या खात्यात होता. पाच वर्षांत तापानं गेला. मूलबाळ नव्हतं. दीर न्यायला आला तेव्हा ती म्हणाली, "गावाक जाऊन मी काय करू? हय चार माणसा माझ्या हातचा जेवतत." चार माणसं म्हणजे नवऱ्याच्या गावचे चौघे, एकटे राहणारे. चाराचे आठ झाले, आठाचे तीस. आता ती पंचेचाळिशीची होती. आवाज मोठा, हात सढळ. उपाशी माणूस तिला सहन व्हायचा नाही. ताटात भात टाकून कोणी उठलं तर ती आधी त्याच्या कपाळाला हात लावून बघायची आणि मग बोलायची.

अठराशे चौऱ्याण्णव सालच्या थंडीत मुकादम बिघडला. तोवर तो चांगला लठ्ठ होता, बसला की पोट दोन्ही बाजूंनी सांडायचं. आता खाणं दुप्पट झालं आणि पाठीचा कणा मात्र हाताला लागू लागला. पाणी तर असं प्यायचा, की पिंपाखाली ठेवलेली वाटी दिवसातून चारदा भरावी लागे. मागच्या दारी त्याच्यासाठी राखेचं घमेलं ठेवलेलं असे. एका सकाळी अंबिकाबाईनं पाहिलं तर घमेल्याला मुंगळ्यांची रांग लागली होती.

त्याच वेळी मंजुळा पाटी घेऊन दारात आली. मंजुळा कोळीण, पंधरा वर्षं खाणावळीला मासे घालणारी. तिनं पाटी उतरवली, घमेल्याकडे पाहिलं आणि वाकून मुंगळे निरखू लागली.

"काय गो?" अंबिकाबाईनं विचारलं.

"माझ्या सासऱ्याच्या मोरीत असेच मुंगळे यायचे," मंजुळा म्हणाली. "वैद्य बोलला, मधुमेह. लघवीतून साखर जाते. पाणी पी पी प्यायचा आणि वाळत चाललेला."

"मग?"

"मग काय. गेला."

अंबिकाबाईनं त्या दिवशी सकाळचा स्वयंपाक लवकर उरकला. मंजुळेची एक रिकामी पाटी मागून घेतली, वर दुसरी उपडी बांधली, आत मुकादमाला बसवलं आणि परळच्या जनावरांच्या दवाखान्याकडे चालू लागली. तिथे टांग्याचे घोडे होते, बैल होते, एक लंगडी म्हैस होती. मांजर घेऊन आलेली ती एकटीच. पाटीला माशांचा वास, आणि आतून मुकादमाचा असा सूर, की घोडे कान टवकारून बघत होते.

गंगाधर नावाचे एक तरुण डॉक्टर होते, नुकतेच शिकून बाहेर पडलेले. त्यांनी हसू दाबून सगळं ऐकून घेतलं. मुंगळ्यांचं ऐकल्यावर मात्र त्यांचं हसू गेलं. मुकादमाला टेबलावर ठेवल्याबरोबर तो भीतीनं मुतला. डॉक्टरांनी घाईघाईनं ते एका काचेच्या नळीत भरून घेतलं, त्यात निळं पाणी ओतलं आणि स्पिरिटच्या दिव्यावर तापवलं. बघता बघता निळ्याचा रंग विटकरी झाला.

"साखर आहे," ते म्हणाले. "पुस्तकात वाचलं होतं, मांजरात पाहतोय पहिल्यांदाच."

"औषध द्या."

"औषध नाही, बाई. खरं सांगायचं तर माणसांसाठीही नाही. पथ्य आहे. भात बंद, दूध बंद, गोडाचं काही नको. नुसते मासे, मटण, फार तर अंडं." मग त्यांनी मुकादमाच्या पोटाची लोंबती कातडी चाचपली. "आणि एक लक्षात ठेवा. मूळचं लठ्ठ मांजर तीन-चार दिवस उपाशी राहिलं, तर डोळे पिवळे पडतात आणि ते जातं. अशी दोन मी पाहिली आहेत. काहीही करा, पण पोटात काहीतरी जाऊ द्या."

संध्याकाळी पंगत बसल्यावर अंबिकाबाई हातात डाव घेऊन मधोमध उभी राहिली.

"माका म्हायत आसा कोण मुकादमाक काय घालता ता," ती म्हणाली. तिला काहीच माहीत नव्हतं. "आपल्या तोंडान सांगा."

मग एकानं दूधभात कबूल केला. दुसऱ्यानं खरवस. लवू म्हणाला, आपण फक्त शेवयांची खीर घालतो आणि तीही बशीभरच. ज्याला त्याला वाटत होतं, की आपण एकटेच त्या गरीब जनावराला चार घास देतो. शेवटी गुणाजीनं मान खाली घालून सांगितलं, की रोज संध्याकाळी येताना तो हलवायाकडून दोन पेढे आणतो. एक स्वतःला, एक मुकादमाला.

गुणाजी शेहेचाळिशीचा विणकर. बायको मीराबाई गावी, शेत सांभाळून. तो कमी बोलायचा. जेवण झाल्यावर बाकीचे निघून गेले तरी ओट्यावर मुकादमाला मांडीवर घेऊन बसायचा.

"आजपासून बंद," अंबिकाबाई म्हणाली. "जो घालीत, तेचा ताट बंद."

दुसऱ्या दिवशी तिनं मुकादमापुढे मांदेली ठेवली. त्यानं वास घेतल्यासारखं केलं आणि तोंड फिरवलं. तिला वाटलं, रुसला. त्याच्या पुढल्या दिवशी तिनं सुरमईची तुकडी उकडली. लवूनं ते पाहिलं.

"आमका बांगडो आणि मुकादमाक सुरमय," तो म्हणाला.

"तुका साखर झाली तर तुका पण देईन," अंबिकाबाई म्हणाली.

सुरमई तशीच राहिली. तिसऱ्या दिवशी पंगत बसली तरी मुकादम चुलीजवळच्या पोत्यावरून उठला नाही. त्या दिवशी कोणी थट्टा केली नाही. जेवणं भराभर झाली. अंबिकाबाई भांडी आवरून आली तर गुणाजी पोत्याशी उकिडवा बसलेला, तळहातावर पेढा. ती बोलायला गेली आणि थांबली, कारण मुकादमानं पेढ्याकडेही पाहिलं नव्हतं.

"रुसलो नाय तो," गुणाजी हळू आवाजात म्हणाला.

तीस माणसांना जेवू घालणारी ती बाई, आणि एका मांजराच्या पोटात तिला घास घालता येत नव्हता. तिनं स्वतःही त्या दिवशी ताट वाढून घेतलं नाही.

सकाळी मंजुळा आली. तिनं मुकादमाचं तोंड उजेडाकडे केलं.

"याचं नाक बघ गो. बंद झालंय. सर्दी हाय याला. मांजर नाकानं जेवतं. वासच नाय तर सुरमई काय नि चिंधी काय."

अंबिकाबाईनं कोमट पाण्यात फडकं भिजवून त्याचं नाक पुसलं. वाळलेला शेंबूड सुटायला बराच वेळ लागला. मग आधण ठेवलं आणि त्याला वाफेजवळ धरून बसली. मंजुळा तोवर घरी जाऊन सुनेचं बोंडलं घेऊन आली. तान्ह्या मुलांना दूध पाजायचं ते चोचीचं भांडं अंबिकाबाईनं पाहिलं होतं, पण कधी हातात धरलं नव्हतं. माशाचं निवळ कोमट पाणी त्यात भरून ती पाजायला गेली, तर मुकादमानं पंजा मारला आणि सगळं लुगड्यावर सांडलं.

"अशी नको धरू," मंजुळा म्हणाली. तिनं एका जुन्या पंचात बोक्याला मानेपर्यंत गुंडाळलं आणि अंबिकाबाईच्या डाव्या हाताच्या कोपरात ठेवलं. "डोकं वर. चोच गालाच्या कडेनं घाल. आणि घाई नको, ठसका लागेल."

एक घोट गेला. मग दुसरा. अंबिकाबाई तशीच बसून राहिली. चुलीवर भाताला उकळी आली होती ती मंजुळेनं बघितली. माशांची पाटी तशीच दारात होती आणि बाजाराची वेळ टळून गेली होती, पण ती चुलीपाशीच थांबली.

दोन दिवस हेच चाललं. दर दोन तासांनी बोंडलं, मधेमधे वाफ. सकाळची न्याहारी उशिरा झाली, आमटी एकदा खारट झाली, आणि तीस माणसांपैकी एकानंही तक्रार केली नाही. तिसऱ्या दिवशी गिरणीला सुटी होती. गुणाजी सकाळीच येऊन बसला. अंबिकाबाईनं तव्यावर सुका जवळा भाजायला टाकला. त्याचा वास वरच्या मजल्यापर्यंत गेला. तिनं चिमूटभर जवळा कुस्करून मुकादमाच्या पुढच्या पायाला चोळला.

मुकादमानं पायाकडे पाहिलं. मग पाय चाटला. मग मान वळवून तिच्या तळहाताकडे बघितलं आणि तिथला सगळा जवळा शांतपणे खाऊन टाकला. अंबिकाबाईनं पदरानं डोळे पुसले आणि तव्याचा धूर फार झालाय असं म्हणाली.

गुणाजीनं पिंपातून तांब्या भरला आणि घटाघट प्यायला. थोड्या वेळानं परत भरला. तिसऱ्यांदा उठला तेव्हा अंबिकाबाईनं त्याच्याकडे नीट पाहिलं. सदरा खांद्यावरून उतरला होता. गालांची हाडं वर आली होती. जेवण मात्र त्याचं अलीकडे वाढलं होतं, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

"गुणाजी, किती पाणी पितंस?"

"तान लागता."

"तुमच्या मोरीत मुंगळे येतत काय?"

गुणाजी लाजला. भिंतीकडे बघत म्हणाला, "आठ जण ऱ्हवतो. कोणाचे ते काय म्हायत?"

"डॉक्टराकडे चल."

"माका काय झाला नाय," तो म्हणाला आणि टोपी घालून निघून गेला.

महिनाभर ती त्याच्या मागे लागली. तपासायला लघवी बाटलीत भरता यावी म्हणून मुकादम आता बिनराखेच्या घमेल्यात जायला शिकला होता, पाण्याची वाटी दिवसभर पुरत होती, अंगावर मांस दिसू लागलं होतं. शेवटी तिनं गुणाजीला सांगितलं, की यायला नको, एक बाटली भरून दे, पुढचं मी बघते. कशी कोण जाणे, पण त्यानं दिली.

डॉक्टर गंगाधरांच्या टेबलावर तिनं दोन बाटल्या ठेवल्या.

"ही आमच्या बोक्याची."

डॉक्टरांनी निळं पाणी घालून तापवलं. निळं ते निळंच राहिलं. त्यांनी पुन्हा एकदा करून पाहिलं. "साखर नाही," ते म्हणाले. त्यांचा स्वतःचाच विश्वास बसत नव्हता. "नुसत्या पथ्यावर. मला हे लिहून ठेवलं पाहिजे. आणि ही दुसरी?"

"तीही मांजराचीच."

दुसरी नळी विटेसारखी लाल झाली. डॉक्टरांनी बाटली उजेडात धरली, हुंगली आणि तिच्याकडे पाहिलं.

"बाई, या मांजराचं वय काय?"

अंबिकाबाईला खोटं फार वेळ रेटायची सवय नव्हती. "शेहेचाळीस," ती म्हणाली.

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी कागदावर गिरगावातल्या एका ओळखीच्या डॉक्टरांचं नाव आणि पत्ता लिहिला. म्हणाले, "तिकडे न्या. त्यांना सांगा मी पाठवलं. आणि या मांजराचेही पेढे बंद."

पुढच्या सुटीच्या दिवशी अंबिकाबाई, लवू आणि गुणाजी असे तिघे गिरगावला गेले. गुणाजी अर्ध्या वाटेत दोनदा परत फिरला आणि दोन्ही वेळा लवूनं त्याचा दंड धरला. तिथल्या डॉक्टरांनी तेच पथ्य सांगितलं. भात मूठभर, गोड अजिबात नाही, मासे आणि पालेभाज्या हव्या तेवढ्या. त्या दिवसापासून गुणाजीचं ताट वेगळं वाढलं जाऊ लागलं. पहिले आठ दिवस तो ताटाकडे बघत बसायचा. अंबिकाबाई समोर उभी राहायची. "तुका बोंडल्यान पाजू काय?" एवढंच विचारायची. मग तो जेवायचा.

मुकादम पुढे अडीच वर्षं जगला. मधे एकदा त्याचं पाणी पिणं वाढलं होतं. चौकशी केल्यावर कळलं, की खरवसवाल्यानं पुन्हा चोरून खरवस घातला होता. त्याचं ताट आठ दिवस खरोखरच बंद होतं. बोका गेला तो दुपारी, उन्हात झोपल्या झोपल्या. लवूनं आणि गुणाजीनं चाळीमागच्या चिंचेखाली खड्डा केला. त्या दिवशी अंबिकाबाईनं स्वयंपाक रोजच्यासारखाच केला, फक्त वाढायला दुसऱ्या कोणाला तरी सांगितलं.

गुणाजी त्यानंतरही बरीच वर्षं साच्यावर उभा राहिला. अंबिकाबाईनं एका शिकलेल्या माणसाकडून मीराबाईला पत्र लिहवून घेतलं होतं, की शेत भावाकडे द्या आणि इथे या, तुमच्या नवऱ्याला नुसतं जेवण पुरत नाही, कोणीतरी नजर ठेवायला पाहिजे. मीराबाई आली, बरोबर कोकमाची एक मोठी बरणी घेऊन. अंबिकाबाईनं तिला पथ्याचं सगळं शिकवलं, भात कुठल्या वाटीनं मोजायचा तेसुद्धा. गुणाजीचं ताट मग खाणावळीतून कमी झालं. "तेवढीच भांडी कमी," असं अंबिकाबाई म्हणाली. पण गिरणीला सुटी असली की सकाळीच निरोप पाठवायची, की दोघांनी इकडेच जेवायला यावं.