अडीच ते दोन पन्नास: बोलणं

आमच्या इमारतीत दुपारी बारा ते एक आवाज करायचा नाही. हा नियम या शहरातल्या बहुतेक इमारतींत कागदावर असतो. आमच्याकडे तो पाळला जायचा, तो फ्राउ त्सेम्पमुळे. त्या तासात कुणी खिळा ठोकला, की संध्याकाळी त्याच्या टपालपेटीत चिठ्ठी पडलेली. सही नाही, रागाचा शब्द नाही, नुसती वेळ: "१२.२२ ते १२.२६". मला आजवर अशा चार आल्या. चारही मी जपून ठेवल्यात. खोटं कशाला बोलू, चारही बरोबर होत्या.

आग्नेस त्सेम्प माझ्या भिंतीपलीकडे राहतात. बावीस वर्षांचा शेजार, पण अजून त्या मला "हेर ब्युर्गी" आणि मी त्यांना "फ्राउ त्सेम्प", नुसत्या नावाने हाक नाही. मी पस्तीस वर्षं सरोवरावरच्या जहाजांत तिकिटं तपासली. त्या अडतीस वर्षं लुझर्न स्टेशनातल्या पर्यटकांच्या खिडकीमागे बसल्या. जगभरातली माणसं यायची आणि बाई त्यांची सुट्टी आखून द्यायच्या. आधी दोनच प्रश्न: "दिवस किती आहेत? गुडघे कसे आहेत?" त्यानंतर कागदावर भराभरा लिहायच्या: अमुक जहाज, तमुक डोंगरगाडी, इथे मासे खा, तिथे खाऊ नका. त्यांचा कागद हातात घेतलेला माणूस माझ्या जहाजावर लगेच ओळखू यायचा. तो घड्याळाकडे बघायचा आणि समाधानी असायचा.

पण त्यांच्या स्वतःच्या घरी कधी कुणी पाहुणा आलेला मी पाहिला नव्हता. दोन खोल्या, खिडकीतून दिसणारं अंगण आणि सायकली. म्हणून यंदा जूनमध्ये त्यांनी दार वाजवून "माझा भाऊ येतोय" म्हटलं, तेव्हा मला आधी वाटलं कुणीतरी वारलं.

"तुम्हाला भाऊ आहे?"

"आहे. फ्रिडोलिन. वर खोऱ्यात, श्वांडमॉसला. हे बघा."

पोस्टकार्ड होतं. त्यावर दोन ओळी: "शेत आता मुलीच्या नावावर केलं. उन्हाळ्यात वेळ आहे. जमत असेल तर येतो."

"पन्नास वर्षं बोलावतेय," त्या म्हणाल्या. "दर वेळी एकच उत्तर, गुरं सोडून कसा येऊ? आता गुरंच राहिली नाहीत त्याच्याकडे. सबब संपली बिचाऱ्याची."

"मग तुम्ही काय लिहिलंत?"

"जमतं, असं लिहिलं. आणखी काय लिहिणार?"

त्यानंतर सहा आठवडे बाई त्या एका दिवसाची आखणी करत होत्या. ज्या बाईने हजारो अनोळखी लोकांचे दिवस उभ्या-उभ्या आखून दिले, तिला सख्ख्या भावाचा एक दिवस काही केल्या जुळत नव्हता. कपडे धुण्याच्या सामाईक खोलीतली आपली ठरलेली पाळीसुद्धा त्यांनी माझ्याशी बदलून घेतली. हे इमारतीत कुणाला सांगितलं तर विश्वास बसणार नाही. शेवटी जुलैअखेर दोन कागद तयार झाले: उन्हाचा निळ्या शाईत, पावसाचा पेन्सिलीने. मला वाचायला दिले, कारण जहाजांच्या वेळा मी तपासायच्या होत्या.

"९.१३ गाडी. ९.१५ भेट (मिठी, नाहीतर हात). ९.४० लाकडी पूल, सात मिनिटं. १०.०० बाजाराकडून घरी, कॉफी." पुढे जेवण होतं, आणि बाजूला बारीक अक्षरात: "मासे आवडत नाहीत असं १९८४ साली, आत्याच्या मयताला म्हणाला होता. सॉसेजची सोय." त्याखाली जहाज. आणि जहाजाच्या ओळीखाली: "१४.३० ते १४.५०: बोलणं."

"हे काय?" मी विचारलं.

"बोलणं."

"ते कळलं. पण ते असं वेळ लावून करतात होय?"

"न लावता एक्कावन्न वर्षं गेली, हेर ब्युर्गी."

मग त्यांनी सांगितलं. एकाहत्तरचा फेब्रुवारी, रविवार, सगळीकडे बर्फ. बायकांना मत द्यायचा हक्क द्यावा की नाही, यावर देशातले पुरुष मत द्यायला गेले होते. आग्नेस बावीस वर्षांची, फ्रिडोलिन चोवीस. प्रार्थना आटोपून बाप आणि भाऊ शाळेत जाऊन चिठ्ठ्या टाकून आले आणि जेवायला बसले. सूप वाढणारी हीच. बाप म्हणाला, "चला, घातलं एकदाचं 'नाही'. काय रे?" भावाने मान हलवली आणि पाव घेतला. एवढंच. संध्याकाळी शाळेच्या दारावर गावाचा निकाल लागला. देश "हो" म्हणाला होता. गावात मात्र "नाही" एकशे अठरा, "हो" तीन.

"तिघांतले दोन सगळ्यांना ठाऊक होते. एक मास्तर. दुसरा चीज बनवणारा, त्याला पाच मुली. तिसरा कुणाला कळला नाही, पण मी ओळखला. गुरांचे डॉक्टर. बाहेरगावचे होते, शिकलेले होते. मंगळवारी मी पेटी घेऊन पोस्टाच्या बसने खाली आले, ती इथेच राहिले. डॉक्टरांना मात्र दर नाताळला कार्ड आणि नाशपातीचा गोड पाव पाठवत आले, सत्तावीस वर्षं. त्यांच्या मयताला फुलांचं चक्रही पाठवलं."

"आणि भावाला?"

"कार्ड. नुसतं. बापाचं मी धरून बसले नाही. तो तसलाच होता. पण फ्रिडोलिन आणि मी एका पलंगावर गोवर काढलाय. ह्याने मान कशी हलवली, एवढंच मला विचारायचंय. या वेळी नाही विचारलं, तर मग कधीच नाही."

माझ्यावर दोन कामं आली. जहाजावरचा जुना नोकर म्हणून मी मागच्या बाजूचं, धूर न येणारं बाकडं धरून ठेवायचं आणि स्वतः शेजारच्या बाकड्यावर बसायचं. दोघंच असले तर फ्रिडोलिन घाबरेल, असं बाईंचं म्हणणं. आणि बरोबर दोन पन्नासला खोकायचं, कारण दोन बावन्नला वेग्गिसचा धक्का येतो आणि तिथे उतरायचं होतं.

ऑगस्टच्या दुसऱ्या मंगळवारी फ्रिडोलिन आला. लख्ख ऊन पडलं होतं, म्हणजे निळा कागद. नऊ तेराच्या गाडीतून एक रुंद म्हातारा उतरला, एका हातात काठी, दुसऱ्यात चीजची अख्खी चकती. चकतीमुळे मिठीही झाली नाही आणि हातही मिळवता आला नाही. दोघं एकमेकांकडे बघत उभी राहिली.

"गुडघे कसे आहेत?" बाईंनी विचारलं.

"डावा बरा आहे," तो म्हणाला.

पुलावर सात मिनिटं ठरली होती, ती चारच पुरली. जेवताना त्याने तळलेले मासे मागवले आणि दोन वेळा घेतले. मी आठवण करून दिली तर म्हणाला, "अरे, ते आत्याच्या मयताचं जेवण होतं. मासे शिळे होते, मग काय म्हणणार?" तो मला पहिल्या मिनिटापासून "अरे" म्हणत होता. डोंगरातली माणसं तशीच. मला बरं वाटलं.

जहाजावर बाकडं मिळालं. मी शेजारी बसून वर्तमानपत्र उघडलं आणि एक ओळ वाचली नाही. बाईंनी घड्याळ पाहिलं. दोन तीस झाले.

"फ्रिडोलिन, मला तुला—"

"थांब, आधी मला एक सांग," तो म्हणाला. "तू त्या गुरांच्या डॉक्टरला दर नाताळला पाव का पाठवायचीस? लोक काय काय बोलायचे. मास्तरीणबाईंना तर वाटायचं, तुमचं काहीतरी आहे."

"माझं? त्या टकल्याशी?" बाई लाल झाल्या. "तो तिसरा होता म्हणून! एकाहत्तरला 'हो' लिहिणारा."

"डॉक्टर?" फ्रिडोलिनने काठी खाली ठेवली. "त्याने चांगलं ठसठशीत 'नाही' लिहिलं होतं. सगळ्यांना सांगत फिरायचा. त्याला वाटायचं, आपली तांबडी गाय अडली होती ती त्याने सोडवली, त्याचे तू उपकार फेडतेस. म्हणायचा, बहीण भली आहे रे तुझी, एका वासराचे उपकार किती फेडते!"

"मग तिसरा कोण?"

तो सरोवराकडे बघत राहिला. कान तांबडे झाले होते त्याचे.

"कोण, फ्रिडोलिन?"

"मी."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. मी वर्तमानपत्र आणखी वर धरलं.

"तू मान हलवलीस," बाई हळू म्हणाल्या. "मी बघितलं."

"बाप समोर बसला होता. सूप गरम होतं. काय करणार होतो?"

"बाप ऐंशी साली गेला!"

"मत गुप्त असतं, आग्नेस. ते सांगत नाहीत."

"मला? मलाही नाही?"

"तू विचारलं नाहीस."

"मत कुणी विचारतं का?"

"तेच तर म्हणतोय मी."

आणि हे दोघांनाही पटण्यासारखं होतं, हीच त्यातली दुःखाची गोष्ट. आम्ही अशीच माणसं आहोत. दुसऱ्याच्या चिठ्ठीत डोकवायचं नाही, आपली दाखवायची नाही, आणि याला आम्ही सभ्यता म्हणतो. त्या सभ्यतेपायी एका घरातल्या दोन माणसांनी अख्खं आयुष्य तोंडाला कुलूप लावून काढलं. मला वर्तमानपत्राआड त्या दोघांचा राग आला, आणि माझ्या मोठ्या मुलाला मी आठ महिन्यांत फोन केला नव्हता त्याचाही.

"गाढवा!" बाई ओरडल्या. पुढच्या बाकड्यावरचं अख्खं जपानी कुटुंब वळून बघायला लागलं. "मी तुझ्या लग्नाला आले नाही, मूर्खा! खिडकीवर गर्दी आहे असं कळवलं. गर्दी कसली, नोव्हेंबर होता!"

"ठाऊक आहे," फ्रिडोलिन म्हणाला. "तुझी खुर्ची ठेवली होती. शेवटी तिच्यावर लोकांनी कोट टाकले."

बाई रडल्या. आवाज न करता, निळा कागद तोंडाशी धरून. फ्रिडोलिनने आपला भलामोठा हात त्यांच्या पाठीवर ठेवला आणि तो तिथेच राहू दिला, आजारी गुराच्या पाठीवर ठेवतात तसा. दोन पन्नास झाले. मी खोकलो नाही. दोन बावन्नला वेग्गिस आलं, दोर पडला, माणसं उतरली, दोर निघाला. आम्ही सरोवराच्या पार टोकापर्यंत गेलो आणि परत आलो. परतीच्या वाटेवर ती दोघं गोवराबद्दल बोलत होती.

संध्याकाळच्या गाडीत त्याला बसवून आल्यावर मी जिन्यात विचारलं, "झालं ना मनासारखं?"

"काय व्हायचंय?" त्या म्हणाल्या. "सत्तावीस पाव, हेर ब्युर्गी. सत्तावीस. चुकीच्या माणसाला." किल्ली काढता काढता म्हणाल्या, "पावांचं काही नाही हो. ती खुर्ची डोळ्यांपुढून जात नाही."

मी घरात आलो आणि मुलाला फोन लावला. त्याने उचलला नाही. दुसऱ्या दिवशी उचलला.

आता सप्टेंबर. मतदानाचे लिफाफे नेहमीसारखे टपालाने घरोघरी आले. या वेळी इतर विषयांबरोबर गुरांच्या मोठमोठ्या गोठ्यांवर बंदी घालावी का, हाही प्रश्न आहे. परवा रविवारी मी जेवायला बसलो होतो, तोच भिंतीपलीकडून आवाज आला. आधी वाटलं रेडिओ असेल. मग शब्द कळायला लागले, बाई फोनवर होत्या.

"'नाही' लिहिलंस? लिहिलंस तू 'नाही'? अरे, तुला गुरांची काही दया? ... मी? मी 'हो' लिहिलंय! मोठ्या अक्षरात! ... शहरातली म्हणून काय झालं? दहा वर्षं दूध कुणी काढलं, तू की मी? ... मुळीच नाही! बोल, ऐकतेय मी! बोल की!"

मी घड्याळ पाहिलं. बारा सोळा. चांगली चाळीस मिनिटं बाई भांडत होत्या, मधूनच हसत होत्या. वरच्या मजल्यावरच्या कुणीतरी जमिनीवर टाच आपटली, तरी त्यांना ऐकू गेलं नाही.

जेवण झाल्यावर मी कागदाचा एक तुकडा घेतला, त्यावर "१२.१६ ते १२.५७" असं लिहिलं आणि खाली जाऊन त्यांच्या टपालपेटीत टाकला. सही मात्र केली.