चढावर सांडलेली दोन पिंपं

बहात्तर साल. मी सव्वीस वर्षांचा होतो. शाळा दुसरीपर्यंत झालेली, पण जीप हाकण्यात माझा हात धरणारा तालुक्यात कोणी नाही, असं मीच सांगत फिरायचो. आमच्या सोसायटीनं लिलावात एक जुनी मिलिटरीची जीप घेतली होती. दुष्काळात तिच्यावर दोन पिंपं ठेवून मी डोंगरावरच्या वाडीला पाणी न्यायचो. तिथली विहीर आटली होती. धडधाकट माणसं दुष्काळी कामावर गेली होती, मागं म्हातारी आणि लहान लेकरं. दिवसाला ती दोन पिंपं, त्यावरच वाडी.

वाट जंगलातली, लाकूडफाटा आणणाऱ्या बायांची. धोंडे सारून ती मीच जीपजोगी केली.

वाडीतली एक म्हातारी पिंपं भरायला रोज खाली आमच्या गावच्या विहिरीवर यायची आणि जीपमध्ये बसून परत वर जायची. भरलेल्या पिंपांत ती पळसाच्या डहाळ्या टाकायची. त्यानं पाणी हिंदकळत नाही, ही डोईवर घागरी वाहणाऱ्यांची रीत.

एके दिवशी सोसायटीचे चेअरमन विहिरीवर आले. पिंपात डोकावून हसले.

"काय बे, पाणी नेतोस का शेळ्यांचा पाला?"

सगळे हसले. मला ते झोंबलं. मी डहाळ्या उपसून फेकून दिल्या.

"टाक त्या परत," म्हातारी म्हणाली.

"मावशे, जीप मी हाकतो का तुमी?"

"जीप तू हाक, बाबा. पाणी आमचं हाय."

मी ऐकलं नाही.

तिसऱ्या वळणाच्या चढावर पाणी एका अंगाला डचमळलं आणि जीप मागं घसरली. एका धावड्याच्या झाडाला अडली म्हणून आम्ही दरीत गेलो नाही. ॲक्सल मोडला, पिंपं आडवी झाली. मी खाली उतरेपर्यंत मुरमानं पाणी पिऊन टाकलं होतं.

म्हातारीला लागलं नव्हतं. तिनं ओल्या मुरमावर हात ठेवला, तोच हात तोंडावरून फिरवला आणि उठली.

"वर बाया घागरी मांडून बसल्यात. त्यांना काय सांगू?"

ती एकटीच वर गेली. तिच्यासोबत न जाता मी मोडक्या जीपपाशीच थांबलो. आजही त्याची लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या आत मी खांद्यावर कावड घेतली, दोन डबे भरले आणि पायी डोंगर चढलो. वाडीत पहिल्या घरी पाणी ओतलं आणि दुसऱ्या खेपेला खाली उतरलो.