गणपतीत उत्तर ध्रुव

इतर बायकांचे नवरे क्लबात नाहीतर पत्त्यांत सापडतात. आमचे हे उत्तर ध्रुवावर असायचे. देह तेवढा कलकत्त्यात, हवामान खात्यात, बदली होऊन आलेला.

काम काय, तर फुगे सोडायचे. फुगा वर गेला की त्याला बांधलेलं यंत्र तिथला वारा आणि ओल कळवायचं, आणि हे त्याचे नकाशे काढत बसायचे. त्यातून ह्यांनी एक खूळ डोक्यात घेतलं. ध्रुवावर हिवाळाभर सूर्य नाही, तरी मधेच तिथली थंडी कमी होते. का? तर खूप वरचे वारे नागमोडी वळत उत्तरेला चढतात, जाताना इकडची दमट हवा नेतात, आणि ती ओल खालची ऊब वर निसटू देत नाही. सत्तरच्या दशकातल्या त्या वर्षांत जो तो हिमयुग येणार म्हणत होता, आणि आमचे हे ध्रुव तापवायला निघालेले! ह्यांनी तसं टिपण लिहून दिलं, तर खात्यातल्या साहेबांनी ते वाचल्यासारखं केलं आणि चारचौघांत म्हणाले, आधी उद्या हावड्याला पाऊस आहे का ते सांगा, ध्रुवाचं ध्रुव बघून घेईल. कचेरी खो खो हसली.

त्यानंतर हे गप्पच झाले. माणसाने आदळआपट केली तर बरं असतं, भांडता तरी येतं. हे नुसते पुढ्यातलं जेवायचे, अळणी आमटीसुद्धा. एक दिवस नकाशांची गुंडाळी रद्दीवाल्यासाठी दाराशी ठेवलेली दिसली. गुंडाळी उचलून कपाटावर टाकली आणि तडक आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांचं घर गाठलं.

अध्यक्ष तीन पिढ्यांचे कलकत्तेकर, मराठीला रसगुल्ल्याचा पाक लागलेला. गणेशोत्सवात व्याख्यान हवंच होतं त्यांना, पण ध्रुव म्हटल्यावर चेहरा पडला. मग मी सगळ्या मंडळाला बटाटेवडे करून घालते म्हटलं. लगेच ध्रुव त्यांना फार महत्त्वाचा वाटू लागला.

भाद्रपदातला कलकत्ता म्हणजे ओल्या पंच्याने तोंड बांधल्यासारखा. त्यात स्लाइड दिसाव्यात म्हणून भर दुपारी दारं-खिडक्या लावून वर सतरंज्या टांगलेल्या. बँकेतले साहेब, फोर्ट विल्यमचे एक कर्नल आणि त्यांची बायको, झाडून सगळे आले होते. कशासाठी ते वासावरून कळत होतं. ह्यांचा आवाज कापत होता. मी दाराशी बसून देवाला म्हणत होते, बाबा रे, आज इथेही हसले तर हा माणूस पुन्हा नकाशा हातात घ्यायचा नाही.

देवाने दिवे घालवले. तेव्हा लोडशेडिंगचं कौतुक उरलं नव्हतं, पण पंखे थांबल्यावर लोक उठू लागले. मागून कोणीतरी म्हणालं, चला, ध्रुवावर जाऊन बसू, गार तरी वाटेल. हशा पिकला. अगदी त्या कचेरीतल्यासारखा.

माझं टाळकं सटकलं. मी दाराला कडी घातली, वड्यांचं पातेलं पायाशी ओढलं आणि म्हटलं, "व्याख्यान संपल्याशिवाय दारही उघडणार नाही आणि पातेलंही." माझ्या आईने ऐकलं असतं तर कान उपटला असता. अध्यक्ष काकुळतीने वहिनी, वहिनी करत होते. मी ढिम्म.

अंधारात ह्यांनी कागद मिटल्याची सळसळ ऐकू आली. झालं, म्हटलं, आपणच घोटाळा केला. मग ह्यांचा आवाज आला, आणि तो कापत नव्हता.

"आता आपण सगळे ध्रुवावर आहोत. सूर्य नाही. मग उकडतंय का?"

कर्नलच्या बायकोने सांगितलं, दार लावलंय म्हणून. हे म्हणाले, बरोबर. आपलीच ऊब आणि आपल्याच श्वासांची ओल इथे अडकली. तिथे भिंती नाहीत, दार नाही. वरचे वारे दमट हवा आणून पसरतात, आणि ती ओल हेच तिथलं लागलेलं दार. पुढे कागदाशिवाय, दिव्याशिवाय बोलत राहिले. कोणी हसलं नाही. वड्यांच्या धाकानेही असेल, मी कशाला खोटं बोलू?

शेवटी कर्नलने विचारलं, आणि दार उघडलं तर? हे मला म्हणाले, उघड गं. मी कडी काढली, वारा आत शिरला, सगळ्यांनी हुश्श केलं आणि पातेल्यावर धाड घातली. ध्रुवाबद्दल नंतर कोणी चकार शब्द काढला नाही. अध्यक्षांनी आणखी चटणी मागितली.

आम्ही दोघं सतरंज्या उतरवत होतो. ह्यांनी विचारलं, "तुला काही कळलं का?" लग्नाला इतकी वर्षं झाली, हा प्रश्न मला पहिल्यांदाच आला.

"वर ओल असली की खालची ऊब टिकते. सूर्य नसला तरी."

"एवढंच म्हणायचं होतं मला."

"मग तासभर काय बडबडत होतात?"

हे हसले. सतरंजी हातातून सुटेपर्यंत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. माझ्याही डोळ्यांना पदर लागला. त्या हसण्यापायी मी अख्ख्या मंडळाला पुन्हा कोंडलं असतं, आणि वडेही दिले नसते.