घरजावयाचा पहिला वाढदिवस

सुमनआत्यासमोर कुठलंही नवीन यंत्र ठेवा. ती आधी पदराला बोट पुसते, मग ते यंत्राच्या जवळ नेते आणि स्वतःलाच सांगते, "चावत नाय ना? मग दाबून बघू." आमच्या घराण्यात मिक्सर असाच आला, एटीएमचं कार्ड असंच आलं, आणि आत्याची नोकरी संपत आली तेव्हा इंटरनेटही असंच आलं.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. माहेर सोयगावचं. लग्न होऊन शहरात आली ती गुलमंडीजवळच्या एका जुन्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत वाचत बसायला लागली, आणि पुढे तिथेच देवघेवीच्या टेबलावर चिकटली. वाचकांनी घरी नेलेल्या पुस्तकांबद्दल तिचा एकच कायदा होता : "पंधरा दिवस राह्यलं तर पाहुणा. वरीसभर राह्यलं तर घरजावई."

मधली दोन वर्षं साथीमुळे वाचनालयाची दारं बंद राहिली आणि लोकांची यायची सवय मोडली. घरजावई मात्र वाढले. मागची खोली ओस पडली, तेव्हा अध्यक्ष आण्णासाहेबांनी ती एका क्लासवाल्यांना भाड्याने द्यायचं ठरवलं. आण्णांचं गुलमंडीवर कापडाचं दुकान; रिकामी जागा बघितली की त्यांच्या पोटात दुखतं. आत्याला ते पटेना. "घरोघरी बसाय जागा असती रं," ती मला म्हणाली, "पण बाईमाणसाला वाचत बसाय जागा कुणाच्या घरी असती?"

लोक परत आले तरच खोली वाचणार होती. आणि लोक होते मोबाईलमध्ये.

"बाळ्या, तू बँकेत हायेस. तुला कॉम्प्युटर येत असंल."

मला पन्नाशीत बाळ्या म्हणणारी ती एकटीच. कॉम्प्युटर मला येतो तो एवढाच, की बंद पडला की परत चालू करायचा. तरी पुतण्याच्या तोऱ्यात मी सगळी पुस्तकं ऑनलाइन तक्त्यात चढवली आणि लेखकांचा रकाना अकारविल्हे लावला. फक्त लेखकांचाच. पुस्तकांची नावं जागच्या जागी राहिली. 'शेळीपालन' एका नाजूक कवयित्रीच्या नावावर गेलं आणि प्रेमकविता गुरांच्या डॉक्टरांच्या. आत्याने तक्ता पाहिला, चष्मा वर केला. "डॉक्टर निघाला की रे रंगेल!" एवढंच म्हणून तिने सगळं पुन्हा जुळवलं.

मग तिने ऑनलाइन वाचनसभा घेतली. फोन स्टीलच्या पेल्यात उभा केला होता, त्यामुळे तासभर आम्हाला फक्त छताचा पंखा दिसला. तरी तिघांनी 'छान सादरीकरण' असं लिहिलं. त्यातला एक मी.

शेवटी दिवाळीनंतर तिला पोस्टर करायचं अ‍ॅप सापडलं. आपल्या शहरात चौकाचौकात वाढदिवसाचे फ्लेक्स असतात, तसलंच मोबाईलवर. तिने ठरवलं, घरजावयांचे वाढदिवस साजरे करायचे! मजकूर तिने स्वतः लिहिला : "आपल्या घरी वर्षभर मुक्कामी असलेल्या आमच्या पुस्तकास पहिल्या वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा! गुरुवारी सायंकाळी मागच्या खोलीत केक कापण्यात येईल. पुस्तकासह यावे." आणि रीत म्हणून वर अध्यक्षांचा फोटो लावला. फ्लेक्स म्हटला की वर मोठा माणूस हवाच.

फुकटच्या अ‍ॅपात मोठा फोटो एकच बसतो. आण्णा फेटा बांधून चौकटभर झाले आणि पुस्तक कोपऱ्यात तिकिटाएवढं उरलं.

आता, असलं पोस्टर कोणी वाचतं का? फोटो बघायचा, हात जोडायचे, पुढे पाठवायचं. गुरुवारी संध्याकाळपर्यंत सगळ्या गुलमंडीत झालं, आण्णांचा वाढदिवस आहे आणि यंदा तो वाचनालयात आहे.

खोली अशी भरली की खुर्च्या शेजारच्या दुकानातून आणाव्या लागल्या. कापडबाजारातले व्यापारी शाली घेऊन आले. बजाजनगरहून आण्णांचे व्याही रिक्षा करून आले. मजकूर वाचणारी माणसंही होती. ती खजील चेहऱ्याने पुस्तकं छातीशी धरून आली. 'शेळीपालन' परत आलं. मीही गेलो. माझ्या हातात हार होता. मीसुद्धा वाचलं नव्हतं.

आत्या पांढरी पडली. "बाळ्या, आज खोली जाती अन् माझी इज्जत पण."

कारण तेवढ्यात आण्णा क्लासवाल्यांना खोली दाखवायला घेऊन दारात आले होते. त्यांच्या गळ्यात पहिला हार पडला तेव्हा ते म्हणाले, "अहो पण माझा..." दुसरा पडला तेव्हा म्हणाले, "बरं बरं." तिसऱ्याला त्यांनी मान आपणहून वाकवली.

केक कापला. पहिला घास क्लासवाल्यांनाच मिळाला. मागून कोणीतरी ओरडलं, "आण्णा, वाढदिवसाचं काहीतरी जाहीर करा!"

आण्णांनी आत्याकडे पाहिलं. आत्याने पदराला बोट पुसलं आणि चारी भिंतींवरून फिरवलं. "खोली, आण्णा. दुसरं काय मागायचं?"

एवढ्या शाली अंगावर असताना नाही म्हणणारा माणूस अजून जन्मायचा आहे. "खोली वाचकांचीच राहील!" आण्णा गरजले. सगळ्यात जोरात टाळ्या क्लासवाल्यांनी वाजवल्या. तोंडात केक होता, बोलता येत नव्हतं.

आण्णांचा खरा वाढदिवस भर उन्हाळ्यात असतो, हे त्यांच्या घरच्यांखेरीज आता कोणालाच आठवत नाही. दरवर्षी ते दिवाळीनंतरच्या त्याच गुरुवारी खोलीत येतात, हार घालून घेतात आणि नव्या खुर्च्या देतात. संध्याकाळी तिथे बाया इतक्या असतात की मला दारातूनच वर्तमानपत्र मागावं लागतं.

परवा आत्या निवृत्त झाली. समारंभ नको म्हणाली. सकाळी वाचनालयाच्या ग्रुपवर तिचं पोस्टर आलं : "वाचनालयात अनेक वर्षे मुक्कामी असलेली सुमन आज घरी जमा होत आहे. पाने थोडी पिवळी, बांधणी मजबूत. वाचायची असल्यास मागच्या खोलीत मिळेल." वर रीतीप्रमाणे फेटेवाले आण्णा होते, चौकटभर, आणि आत्या कोपऱ्यात तिकिटाएवढी.

दुपारी आण्णांचा मला फोन आला. "काय हो, तुमच्या आत्याला सांगा. दुकानात तिघं जण हार घेऊन बसलेत."

मी तसं सांगितलं. आत्या मागच्या खोलीत खिडकीपाशी वाचत बसली होती. तिने मान वर केली नाही.

"घालून घ्या म्हणावं," ती म्हणाली. "चावत नाय."