गिदोन अध्यक्ष झाला आणि आमचा आमदार गेला

मुंबईत आमचा गिदोन जेवला असेल का, याची मला काळजी नाही. तो पोटभर बोलला असेल का, याची आहे. विधानसभेचा अध्यक्ष झाल्यापासून त्याला इतरांची भाषणं ऐकत बसावं लागतं. असं तो कधी बसलेला नाही. लहानपणी चर्चमध्ये पाळकांची प्रार्थना लांबली, की हा मोठ्यानं ‘आमेन’ म्हणून ती संपवून टाकायचा.

पुढे वकील झाला, जिल्हा परिषदेत गेला, बहात्तरला दुसऱ्यांदा आमदार झाला. भाषणं आधी मला वाचून दाखवायचा. मी निवृत्त शिक्षिका. त्याची विशेषणं खोडून स्वतःची घालायचे आणि त्याला सुधारणा म्हणायचे.

अध्यक्षपद चालून आलं तेव्हा तो म्हणाला, “आई, त्या खुर्चीत बसलं की आपल्या तालुक्याचं काही मांडता येत नाही.”

“वेड्या, तू आलास की अख्खं सभागृह उभं राहील!” मी म्हणाले. बी. ए.ला माझा विषय राज्यशास्त्र होता, हे कुणाला सांगू नये.

आमच्या केडगावात मिरवणूक निघाली. गुलालानं माखलेला फोटो मी हौसेनं काढून घेतला.

आज संध्याकाळी मागच्या आळीतली लंकाबाई आली. दुष्काळी कामावर खडी फोडते.

“बाई, तलावाचं काम सोमवारपास्नं बंद म्हनत्यात. आमी दीडशे बाया हाय. खायाचं काय? गिदोनदादाला म्हनावं, बोल की मुंबईत.”

“त्याला आता बोलता येत नाही गं.”

“का? घसा बसला व्हय?”

“अध्यक्ष झालाय ना. अध्यक्षानं कुणाची बाजू घ्यायची नसते.”

“मंग आमी गुलाल कशापायी उधळला?”

“मंत्र्यांना त्यानं दोनदा सांगितलंय. बघतो म्हणाले.”

“बघतो म्हंजी न्हाईच की!” असं म्हणून ती चहा न घेता गेली.

खरंच आहे. सभागृहात कुणी उठून विचारल्याशिवाय मंत्री हलायचे नाहीत. असं उठणारा माणूस जिल्ह्यात एकच, संगमनेरकडचे विरोधी पक्षाचे आमदार रंगनाथराव. प्रचारसभेत मी त्यांना ‘रिकामं पिंप’ म्हटलं होतं. त्यावर ते म्हणाले होते, “बाईंची भाषणं आजवर मुलाच्या तोंडून ऐकली, आज थेट ऐकायला मिळालं.” तेव्हापासून मी त्यांच्या नमस्काराला मान वळवते.

गिदोनला विचारलं तर तो नको म्हणेल. अध्यक्षाच्या आईनं विरोधकाला प्रश्न पुरवायचा, हे शोभतं का? नाही शोभत. म्हणून विचारत नाही.

रविवारी रंगनाथराव घरी असतात. उद्या उजाडताच एक्सचेंजला संगमनेरचा ट्रंक कॉल नोंदवते. माझा आवाज ऐकून ते आधी पोटभर हसतील. हसू देत. त्यांचं हसून झालं, की तलावाचं सांगते. शक्यतो विशेषणं न घालता.